आभाळात गंधक, दर्यात लोखंड : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही जिओइंजिनीअरिंगवर लेख दिला होता. तापत चाललेली पृथ्वी मुद्दाम थंड करायची, किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणावर ओढून घ्यायचा, यासाठी कोणते उपाय सुचवले जातात आणि लोकांना त्याबद्दल काय वाटते, हा त्याचा विषय. कोकणातून आलेल्या पत्रांत नेमक्या शंका होत्या. एकाच विषयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत विमानामागे लांबच लांब पांढऱ्या रेघा दिसतात. 'ही फवारणी आहे, तिच्यामुळेच अवकाळी पडतो आणि मोहोर गळतो' असा संदेश आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आहे. मुलांना काय सांगू? — शिक्षिका, कणकवली

त्या रेघा बर्फाच्या आहेत. प्रवासी विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून जातात आणि तिथे पारा उणे ४० अंशांच्याही खाली असतो. इंजिनातून निघालेली वाफ धुराच्या कणांवर गोठते, त्याची रेघ उमटते. वरची हवा कोरडी असेल तर रेघ लगेच विरते. दमट असेल तर तासभर टिकते आणि पसरते. म्हणूनच एके दिवशी आभाळ रेघांनी भरते आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच विमानांमागे काही दिसत नाही. मुलांकडून आठवडाभर तीन नोंदी करून घ्या : वेळ, विमानांचा माग दाखवणाऱ्या मोबाइल ॲपवर दिसणारी विमानाची उंची, आणि रेघ किती मिनिटे टिकली. वादापेक्षा हा तक्ता जास्त कामाचा.

पृथ्वी थंड करायला सुचवलेली, ऊन अडवणारी गंधकाची फवारणी खरोखर करायची झाली तर ती १८ ते २० किलोमीटरवर करावी लागेल. तिथली हवा इतकी विरळ असते की आजचे प्रवासी विमान तिथे उडूच शकत नाही. अमेरिकेत टेनेसी राज्याने २०२४ मध्ये अशी द्रव्ये हवेत सोडण्यावर बंदी घातली, तेव्हाच्या चर्चेतही या रेघा आणि खरे जिओइंजिनीअरिंग यांची सरमिसळ झालीच होती. पण संदेश पुढे पाठवणाऱ्यांना हसू नका. आपल्या डोक्यावर आपल्याला न विचारता कोणी काही करील, ही भीती अगदीच निराधार नाही. पुढच्या उत्तरांत ते दिसेल.

प्रश्न : गंधकाचा थर आभाळात सोडला तर उष्मा कमी होईल म्हणतात. हापूसला गारवा हवाच असतो. मग बागायतदाराने विरोध कशाला करायचा? आणि पावसाचे काय? — आंबा बागायतदार, देवगड

तुमचे म्हणणे रास्त आहे. मोहोराला पावसाळ्यानंतर कोरडी हवा आणि रात्रीचा गारवा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन एकदम चढले की कैरी गळते, फळात साका (खराब, पांढरट गर) धरतो. सरासरी तापमान अंशभर उतरले तर या बाजूने फायदाच आहे. तापमान असे उतरते हेही दिसलेले आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला. त्याचे बारीक थेंब होऊन ऊन परतवू लागले, आणि पुढचे वर्षभर जगाचे सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली राहिले. विमानांनी हेच करायचे, ही मूळ कल्पना. रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झेन यांनी २००६ मध्ये तिच्यावर गंभीर संशोधन व्हावे असे लिहिले, तेव्हापासून चर्चा वाढली. अंशभर गारव्यासाठी दर वर्षी साधारण एक कोटी टनांच्या घरात सल्फर डायऑक्साइड लागेल असे अंदाज आहेत. 'दर वर्षी' हे शब्द महत्त्वाचे, कारण थर वर्ष-दोन वर्षांत खाली बसतो. खर्च मात्र धक्का बसावा इतका कमी : २०१८ मध्ये मांडलेल्या एका हिशेबात पहिल्या पंधरा वर्षांसाठी वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरच्या आसपास. म्हणजे एखादा मध्यम देशही हे एकट्याने सुरू करू शकेल. आम्हाला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

अडचण पावसापाशी सुरू होते. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यात जो फरक पडतो त्यावर आपला मोसमी पाऊस चालतो. वरून ऊन अडवले की जमीन लवकर निवते, समुद्र सावकाश. फरक घटतो, बाष्पीभवनही घटते. पिनाटुबोनंतर जगभरात जमिनीवरचा पाऊस कमी झाल्याची नोंद आहे. थर कुठे सोडला यावरही बरेच ठरते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंदस्वामी बाला यांच्या गटाने संगणकी प्रारूपांवर दाखवले आहे की थर उत्तर गोलार्धात ठेवला तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आपल्याकडचा पाऊस घटतो. दक्षिण गोलार्धात ठेवला तर उलटे होते. दूरच्या कुठल्या देशाने आपल्या सोयीने जागा निवडली, तरी भोगायचे कोकणातल्या खाचराला.

तापमान उतरूनही पिकाचा फायदा होईलच असे नाही. एल चिचोन (१९८२) आणि पिनाटुबो या दोन स्फोटांनंतरच्या उत्पादनाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. भात, गहू, मका आणि सोयाबीन यांना गारव्याने जे मिळाले, ते ऊन कमी पडल्याने जवळजवळ तेवढेच गेले, असा त्याचा निष्कर्ष.

खास देवगडसाठी आकडा मागाल तर जागतिक प्रारूपांतून तो निघत नाही. त्यांत पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात, आणि एकेक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो. किनाऱ्यापासून सह्याद्रीपर्यंतची आपली पट्टी त्याच्या निम्म्याच्या आसपास. घाटाची भिंत त्या चौकोनात सपाट होऊन जाते, आणि आपला पाऊस तर त्या भिंतीमुळेच एवढा पडतो. 'कोकणात पाऊस अमुक टक्के घटेल' असे ठासून सांगणारा मजकूर दिसला तर तो आकडा कोणत्या प्रारूपातून, किती बारीक चौकोनातून काढला ते आधी विचारा.

आणखी दोन गोष्टी. गंधकाने ऊन अडते, कार्बन तसाच राहतो. समुद्राचे पाणी आम्ल होत जाणे त्याने थांबत नाही, म्हणून कालवे आणि तिसऱ्यांच्या कवचांना यातून काहीच दिलासा नाही. दुसरे, कार्बन वाढत ठेवून पन्नास वर्षे थर राखला आणि युद्धाने किंवा पैशाअभावी फवारणी थांबली, तर दडवलेली सगळी उष्णता दहा-वीस वर्षांत उसळून वर येते. हापूसचे झाड त्या पन्नास वर्षांहून जास्त जगते. आज लावलेल्या कलमाला ती उसळी भेटू शकते.

प्रश्न : समुद्रात लोखंड टाकले की शेवाळ वाढते आणि त्यावर मासळी वाढते असे ऐकले. तारली-बांगडा पूर्वीसारखा मिळत नाही. सोसायटीने वर्गणी काढून करून बघायला काय हरकत? — मच्छीमार सोसायटीचे सभासद, हर्णै

करू नका. एक पैसाही घालू नका.

लोखंडाची उणीव दक्षिण महासागरात आणि उत्तर पॅसिफिकच्या काही भागात आहे. तिथे पाण्यात नायट्रेट भरपूर असते आणि केवळ लोखंडावाचून सूक्ष्म वनस्पती वाढत नाहीत. आपल्या किनाऱ्याला जांभ्याची लाल माती नद्यांबरोबर दर पावसाळ्यात येते आणि अरबस्तानाकडून धूळ उडून येते. लोखंड इथे कमी नाहीच.

धोका ऑक्सिजनचा आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्याचा जाड थर आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, ऑक्सिजन कमी असलेले पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागापर्यंत चढते. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था आहे. तिथल्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी किनाऱ्यालगतच्या या पाण्याच्या नोंदी २००० साली प्रसिद्ध केल्या आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात सुटतो हे दाखवले. उष्णता अडवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट. अशा पाण्यात आणखी शेवाळ वाढवले की ते मरून तळाशी जाते, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाते. तळाची कोळंबी जागा सोडते, मासे वरच्या पातळ थरात दाटतात. चार दिवस जाळे भरलेले दिसेल, आणि त्यालाच कोणी यश म्हणून दाखवील.

हा प्रयोग करून झालेला आहे आणि त्यात आपली ही संस्थाच होती. २००९ च्या सुरुवातीला तिने जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेबरोबर 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात लोखंड सोडले. या मोहिमेचे नाव लोहाफेक्स. पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपामुळे जर्मन सरकारने ती मध्येच थांबवून तपासणी केली आणि मग परवानगी दिली. शेवाळ वाढले, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने सिलिकाच्या जड कवचाचे डायटम हे सूक्ष्म शेवाळ वाढले नाही. जे वाढले ते बारीक प्राण्यांनी खाल्ले, त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले, आणि कार्बन तळाशी जवळजवळ गेलाच नाही. अपयशाचे कारण इतके स्वच्छ कळले, म्हणून आम्हाला तो प्रयोग मोलाचा वाटतो.

तुमच्या प्रश्नासारखीच गोष्ट २०१२ मध्ये कॅनडाच्या हैडा ग्वाई बेटांवर घडली. सॅमन मासा वाढेल आणि वर कार्बन क्रेडिट (हवेतून काढलेल्या कार्बनची प्रमाणपत्रे) विकता येतील, या आशेवर तिथल्या एका गावाने वीस लाख डॉलरहून जास्त पैसा घातला. सुमारे १०० टन लोहसल्फेट समुद्रात ओतले गेले. क्रेडिट विकली गेली नाहीत, सरकारी चौकशी मात्र मागे लागली. ज्या गावाचे पैसे गेले ते मच्छीमारांचेच गाव होते, म्हणून हे उदाहरण सोसायटीच्या सभेत सांगावे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या एनएसएस गटाला या विषयावर गावागावांत लोकमत पाहायचे आहे. प्रश्नावली कशी करावी? — प्राध्यापक, रत्नागिरी

हे काम व्हायलाच हवे. आजवरची बहुतेक पाहणी श्रीमंत देशांतली आहे. २०११ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ३१०५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. जिओइंजिनीअरिंग म्हणजे काय हे त्यांतल्या ८ टक्क्यांनाच बरोबर सांगता आले, तरी समजावून सांगितल्यावर संशोधनाला ७२ टक्क्यांनी हो म्हटले. म्हणजे मत आधी नव्हते, विचारताना तयार झाले. २०२४ मध्ये ३० देशांतल्या ३० हजारांहून अधिक लोकांची पाहणी आली, तिच्यात भारतही होता. विकसनशील देशांतले लोक या उपायांना जास्त अनुकूल दिसले. त्याबरोबरच, यामुळे धूर कमी करण्याचे काम मागे पडेल आणि धोका गरिबांच्या वाट्याला येईल, ही काळजीही त्यांच्यात दिसली. ती पाहणी इंटरनेटवरची होती. जिच्याकडे फक्त साधा फोन आहे अशी हर्णैची मासळी विकणारी बाई तिच्यात येण्याची शक्यता कमी. तुमच्या कामाची जागा नेमकी तिथे आहे.

आधी संख्या. लोकसंख्या मोठी असेल आणि ५ टक्क्यांच्या चुकीची मुभा ठेवली तर ३८४ माणसे पुरतात, हे पुस्तकातले गणित. पण एका गावातल्या माणसांची मते एकमेकांसारखी असतात, म्हणून संख्या दीडपट तरी करा. ३० गावे आणि गावात २० घरे, असे ६०० धरा. दहाच गावांत साठ-साठ घरे घेतली तर बेरीज तीच येते, भरवसा मात्र घटतो. नावे मतदारयादीतून ठरावीक अंतराने उचला. इथे कोकणाची खास अडचण येते : यादीतली बरीच नावे मुंबईला राहणाऱ्या चाकरमान्यांची असतात. ते घर बंद आहे म्हणून शेजारच्या घरी घुसलात, की सदा घरी असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचेच मत जमा होते. बंद घराची नोंद 'बंद' अशीच ठेवा, यादीतले पुढचे नाव घ्या, आणि शक्य असेल तर गणपतीत किंवा शिमग्याला त्या घरांवर दुसरी फेरी करा. चाकरमान्यांची उत्तरे मात्र वेगळी मोजा.

वेळही तशीच जपून निवडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार घरी भेटतो. त्याच दिवसांत शेतकरी पेरणी-लावणीत अडकलेला असतो. त्यांच्या वाड्या ऑगस्टच्या मध्यानंतर घ्या. बायकांशी बोलायला मुलींनाच पाठवा आणि दुपारी पाठवा. पुरुष शेजारी बसले की 'ह्यांनाच विचारा' हे उत्तर ठरलेले.

आता सगळ्यांत नाजूक भाग, वर्णनाचा. लोकांना विषय माहीत नसल्याने आधी समजावून सांगावे लागते, आणि मत तिथेच घडते किंवा बिघडते. 'ज्वालामुखी जसे करतो तसेच' असे लिहिले की पाठिंबा वाढतो. निसर्गाशी नाते जोडल्यावर कल वर जातो, हे ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलेले आहे. 'गंधकाचे विष' लिहिले तर तो कोसळेल हे सांगायला अभ्यास नको. म्हणून प्रत्येक उपायाला चारच वाक्ये द्या : काय सोडतात, कुठे सोडतात, काय फायदा अपेक्षित आहे, काय बिघडू शकते. फायदा आणि तोटा सारख्या लांबीचे ठेवा. निम्म्या प्रतींवर तोटा आधी, निम्म्यांवर फायदा आधी, आणि दोन्हींचे निकाल वेगळे काढून पाहा. मालवणी पट्ट्यात प्रमाण मराठीत छापलेला प्रश्न वाचून दाखवू नका. 'तुमका काय वाटता?' असे विचारले की माणूस बोलतो, आणि तेच वाक्य सगळ्यांनी सारखे वापरावे म्हणून आधी सराव करा.

'पाठिंबा आहे का?' हा एकच प्रश्न निरुपयोगी आहे. संगणकावरचा अभ्यास, लहानसा उघड्यावरचा प्रयोग, आणि प्रत्यक्ष वापर असे तीन प्रश्न करा, कारण या तिन्हींना एकाच माणसाची तीन उत्तरे असतात. पुढे विचारा : ठरवणार कोण? नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यावी? तुमच्या बंदरासमोर प्रयोग असेल तर? 'माहीत नाही' हा रकाना ठेवाच, आणि मोजताना तो विरोधात ढकलू नका. आपल्या भागात हा रकाना सर्वांत मोठा निघाला तर तोच तुमचा मुख्य निष्कर्ष समजा.

जैतापूर, नाणार, बारसू या प्रकल्पांवरून आंदोलने झालेल्या पट्ट्यात जाल तिथे 'प्रकल्प' हा शब्द टाळा. तो ऐकताच उत्तर त्या जुन्या अनुभवाला दिले जाते, तुमच्या प्रश्नाला नाही. सरकारी जनसुनावणीवर किती विश्वास आहे हे मात्र वेगळे, उघडपणे विचारा. उपायाबद्दलचे मत आणि ठरवणाऱ्याबद्दलचे मत किती एकमेकांत गुंतलेले आहे, ते त्याच तक्त्यात दिसेल. आणि ३० घरांची चाचणी-फेरी केल्याशिवाय ६०० प्रती छापू नका. पहिल्या फेरीत निदान तीन-चार प्रश्न कोणालाच कळलेले नसतात.

प्रश्न : समुद्राचे पाणी फवारून ढग पांढरे करतात म्हणे. निसर्ग, तौक्ते यांसारखी वादळे त्याने अडतील का? — वाचक, श्रीवर्धन

नाही. मिठाचे अतिसूक्ष्म कण समुद्रावरच्या बुटक्या, पसरट ढगांत सोडले तर ढगात लहान थेंब वाढतात आणि तो ऊन जास्त परतवतो, हे तत्त्व खरे आहे. जहाजांच्या धुराने असे उजळ पट्टे उमटतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली आणि ते पट्टे कमी झाले. पण त्याला लागणारे ढग कॅलिफोर्निया, पेरू, नामिबिया यांच्या थंड पाण्यावर सापडतात. वादळाआधीच्या मे महिन्यात आपल्या तापलेल्या समुद्रावर ते नसतात. कणही मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे लागतात. बागेत वापरायच्या फवारणी पंपाचा थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा असतो आणि लगेच खाली पडतो. कण बारीक करणाऱ्या नळ्यांची तोंडे मिठानेच बुजणे ही तिथली नित्याची डोकेदुखी. ऑस्ट्रेलियाने २०२० पासून ग्रेट बॅरियर रीफवर याच्या चाचण्या केल्या आहेत, त्या प्रवाळावर सावली धरण्यासाठी. वादळाशी त्यांचा संबंध नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये विहिरी आटतात. कृत्रिम पाऊस पाडता येणार नाही का? — ग्रामपंचायत सदस्या, संगमेश्वर

कृत्रिम पाऊस म्हणजे असलेल्या ढगात क्षाराच्या कणांचे 'बीज' टाकणे. ढगाशिवाय ते टाकता येत नाही, आणि एप्रिलमध्ये योग्य ढग नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८-१९ मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेत विमानातून कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळल्या आणि सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या टापूत पाऊस १८ टक्के वाढल्याचे मांडले. तो पावसाळ्यातल्या ढगांवरचा प्रयोग होता. दिल्लीत ऑक्टोबर २०२५ मध्ये ढगात ओलच कमी होती, म्हणून फवारणी फसली. तुमच्याकडे ३००० मिलिमीटर पडतोच, तो जांभ्यातून निघून जातो. ऑक्टोबरअखेर वहाळात पाणी वाहते असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून कच्चे बंधारे घाला. डिसेंबरात घातले तर अडवायला पाणी उरलेले नसते.

प्रश्न : एक माणूस येऊन सांगून गेला की भाताच्या खाचरात काळ्या दगडाची भुकटी टाका, हवेतला कार्बन धरला जातो, तुम्हाला पैसे मिळतील. फसवणूक आहे का? — शेतकरी, माणगाव

तत्त्व खरे आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टच्या भुकटीशी झिजेची क्रिया करतो आणि बायकार्बोनेट होऊन ओढ्या-नदीवाटे समुद्रात जातो, तिथे हजारो वर्षे राहतो. उष्ण आणि ओल्या प्रदेशात हे लवकर होते, म्हणून कोकणावर नजर जाणारच. भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या भातजमिनीत हे करणाऱ्या माती कार्बन या कंपनीला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. तेव्हा तो माणूस फसवतोच आहे असे म्हणता येत नाही, पण सही करण्याआधी पुढचा हिशेब पाहा.

मात्रा साधारण हेक्टरी २० टन, म्हणजे गुंठ्याला २०० किलो. एक टन बेसाल्ट पुरता झिजला तर जास्तीत जास्त ३०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला जातो, आणि पुरता झिजायला अनेक वर्षे लागतात. समजा पहिल्या वर्षी दहावा हिस्सा झिजला, तर टनामागे ३० किलो. आता दळायला टनामागे ४० युनिट वीज लागली तर आपल्याकडच्या विजेवर २८ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तिथेच सुटतो. ट्रकने १०० किलोमीटर आणली तर साधारण १० किलो आणखी. पहिल्या वर्षाची जमा खर्चात गेली. म्हणून खडी क्रशरवर पडून राहिलेली बारीक भुकटी जवळून आणली तरच या व्यवहाराला अर्थ आहे. पण क्रशरच्या डस्टमध्ये चार-पाच मिलिमीटरपर्यंतचे कण असतात आणि ते पिढीभर झिजत नाहीत. १०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे १५० मायक्रॉनखाली, किती जाते ते तुमच्यासमोर चाळून दाखवायला सांगा.

आणखी एक गोष्ट सांगणारे सहसा सांगत नाहीत. आपली जमीन मुळात आम्ल, त्यात युरियामुळे नायट्रिक आम्ल तयार होते. पीएच साडेपाचच्या खाली असेल तर दगडाला बहुतांशी ते आम्लच खाते आणि कार्बन फारसा धरला जात नाही. पिकाला फायदा होतो. चुन्यासारखा आम्लपणा उतरतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळते, सिलिकामुळे भात करप्याला थोडा जास्त तग धरतो. पण कार्बनच्या नावाने कागदावर जे दाखवले जाईल ते शेतात झालेले नसेल. म्हणून भुकटीच्या आधी कृषी विज्ञान केंद्रात मातीचा पीएच तपासा, आणि दोन गुंठे भुकटीविना राखून ठेवा. त्या कोऱ्या तुकड्याशी तुलना केल्याशिवाय कोणताही आकडा मानू नका.

दगड कोणता तेही पाहा. दख्खनचा काळा बेसाल्ट ठीक. ऑलिविन भरपूर असलेल्या खडकात निकेल दर किलोला हजारो मिलिग्रॅम असू शकते, तो भाताच्या जमिनीत नको. खडकाचा निकेल-क्रोमियमचा अहवाल लेखी मागा. भुकटी मेअखेर पसरा आणि चिखलणीत मिसळा. वरकस उतारावर टाकली तर पहिल्या मोठ्या पावसात वहाळात जाईल. पसरताना वारा नसेल अशी वेळ धरा आणि एन-९५ मास्क लावा, ओला रुमाल पुरत नाही. करारात तीन ओळी शोधा : क्रेडिट कोणाच्या नावावर निघणार, नमुने घ्यायला किती वर्षे शेतात येणार, आणि जमीन बिघडली तर जबाबदार कोण. तिसरी ओळ नसेल तर सही करू नका.

प्रश्न : उद्या आमच्या किनाऱ्यासमोर कोणी असा प्रयोग करायचा ठरवला तर आम्हाला विचारतील का? गावाने आधी काय करून ठेवावे? — सरपंच, गुहागर तालुका

फक्त या विषयासाठी केलेला कायदा भारतात नाही. जैवविविधता कराराच्या देशांनी २०१० मध्ये जपानच्या नागोयात ठरवले की पुरेसा शास्त्रीय आधार आणि धोक्यांचा विचार झाल्याशिवाय असे उपाय करू नयेत. लहान, नियंत्रित शास्त्रीय प्रयोग त्यातून वगळले. भारत त्या करारात आहे, पण तो निर्णय बंधनकारक नाही. समुद्रात द्रव्य टाकण्याबद्दल लंडन प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय कराराची २०१३ ची दुरुस्ती आहे, तीही अजून लागू झालेली नाही. हातात उरतात ते आपले नेहमीचेच कायदे : १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी ज्यात येते ती सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) २०१९ ची अधिसूचना, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची गावची समिती. ही समिती बहुतेक गावांत कागदावरच असते. तिची लोकजैवविविधता नोंदवही पुरी करा : कालवांच्या जागा, तिसऱ्या-मुळ्यांची पुळण, कांदळवन, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे, महिन्यांसकट. उद्या नुकसान दाखवायचे झाले तर आधी काय होते याचा तेवढाच पुरावा.

बाहेरचे अनुभव पाहिले तर लोक चिडतात ते बहुतेकदा उशिरा कळल्यामुळे. एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा शहरात एका जुन्या युद्धनौकेच्या डेकवरून मिठाच्या कणांची फवारणी सुरू झाली, आणि नगरपालिकेला ते वर्तमानपत्रातून समजले. शहराने नेमलेल्या तज्ज्ञांना आरोग्याला मोजण्याजोगा धोका आढळला नाही, तरी जूनमध्ये नगरसेवकांनी एकमताने प्रयोग बंद केला. स्वीडनमध्ये किरुनाजवळ हार्वर्डच्या गटाला २०२१ मध्ये फक्त फुगा आणि यंत्रे तपासायची होती, कणही सोडायचे नव्हते. तिथल्या सामी लोकांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांच्या परिषदेने आक्षेप घेतला, उड्डाण रद्द झाले, आणि २०२४ मध्ये तो प्रकल्पच गुंडाळला गेला. आमच्या मते दोन्हीकडचे लोक बरोबर होते. धोका लहान असला तरी आधी न विचारण्याचा हक्क त्यामुळे कोणाला मिळत नाही. संशोधनाला आमचा विरोध नाही. पावसाचे काय होईल हे भारतीय शास्त्रज्ञांनीच शोधायला हवे, नाहीतर दुसऱ्यांच्या प्रारूपावर आपले भवितव्य ठरेल.

पुढच्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा असेल तर 'जिओइंजिनीअरिंगला विरोध' असे मोघम लिहू नका. त्याखाली उद्या तुमचीच तिवरांची लागवडही अडकेल. लिहा : गावाच्या हद्दीत किंवा समोरच्या १२ सागरी मैलांत हवामान बदलण्याच्या हेतूने कोणतेही द्रव्य हवेत, पाण्यात किंवा जमिनीवर सोडायचे असल्यास द्रव्याचे नाव, प्रमाण, तारीख, पैसे देणाऱ्याचे नाव आणि नुकसानभरपाईची हमी मराठीत लेखी द्यावी, निदान ९० दिवस आधी द्यावी, आणि ग्रामसभेत मच्छीमार व महिला हजर असताना ती वाचली जावी. सभेची तारीख मासेमारीच्या हंगामात पडत असेल तर वेळ बोटी परतल्यानंतरची ठेवा. ठरावाची नक्कल तहसीलदार, मत्स्यव्यवसाय विभाग आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांना पाठवा आणि पोच घ्या. नुसत्या ठरावाने कायदेशीर मनाई होत नाही. पण परवानगीचा अर्ज आला की त्या फायलीत तुमचे पत्र आधीपासून असते, आणि अधिकाऱ्याला त्याकडे दुर्लक्ष करणे अवघड जाते.